वाचकांचे प्रश्न: कागद मागणाऱ्याला कायदा आहे, कागद दाखवणाऱ्याला काय?

माहितीच्या अधिकारावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रलेखकांनी नाव-गाव छापू नये असे कळवले आहे आणि ते मी पाळले आहे. उत्तरांआधी एक खुलासा आवश्यक वाटतो. कार्यालयाबाहेर उभा राहून माहिती मागणारा नागरिक आणि कार्यालयात बसून गैरव्यवहार उघड करणारा कर्मचारी यांची पत्रांत वारंवार गल्लत झाली आहे. पहिल्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे आणि तो लागू आहे. दुसऱ्याला मराठी वृत्तपत्रे ‘जागल्या’ म्हणतात. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालून हाळी देणाऱ्यासाठी हा शब्द होता आणि त्याच्या हाळीला गावाची मान्यता होती. आजच्या जागल्याची अवस्था तशी नाही, हे पुढील उत्तरांतून दिसेल.

प्रश्न: आमच्या गावातील काँक्रीटचा अंतर्गत रस्ता एका पावसाळ्यात उखडला. मी ग्रामपंचायतीकडे अर्ज करून विचारले, ‘रस्ता इतक्या लवकर का खराब झाला? ठेकेदाराला पूर्ण रक्कम का दिली? याला जबाबदार कोण?’ प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. त्याआधीच, अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, ठेकेदाराच्या माणसाने फोन करून ‘हे प्रकरण वाढवू नका’ असे बजावले. आता काय करावे? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर: जन माहिती अधिकाऱ्याचे उत्तर आपल्याला उर्मट वाटले असेल, पण कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. कलम २(च) नुसार ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे कोणत्याही स्वरूपात उपलब्ध असलेले साहित्य: अभिलेख, दस्तऐवज, टिपणे, आदेश, अहवाल, नमुने वगैरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले की, ‘अमुक गोष्ट का केली’ किंवा ‘का केली नाही’ याचे समर्थन या व्याख्येत बसत नाही. अधिकाऱ्याने आपल्यासाठी नवे स्पष्टीकरण तयार करावे असे कायदा सांगत नाही. जे कागदावर आहे ते दाखवावे एवढेच सांगतो. मात्र कारण नस्तीतील (कार्यालयीन फाइलमधील) टिपणीत लिहिलेले असेल, तर ती टिपणी मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तेव्हा आपला ‘का’ कागदांत उतरवावा. अर्ज असा लिहिता येईल: ‘अमुक वस्तीतील काँक्रीट रस्त्याच्या कामाचे तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली सर्व देयके आणि काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, तसेच या कामाच्या मूळ नस्तीची पाहणी करू द्यावी.’ राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा. हा मसुदा त्याच्या एक चतुर्थांशही नाही. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना भरून त्यावर दहा रुपयांचे न्यायालय फी मुद्रांक चिकटवावे. प्रतींसाठी पानाला दोन रुपये लागतात, आणि तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर ती नंतर विनामूल्य द्यावी लागते.

या सगळ्या कागदांत मोजमाप पुस्तिका सर्वांत महत्त्वाची, कारण ठेकेदाराचे देयक तिच्या आधारे निघते. तिच्या पानावर कामाच्या प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण असे रकाने असतात, आणि खाली मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याची दिनांकित सही असते. पुस्तिकेत काँक्रीटची जाडी ०.१५ मीटर लिहिलेली असेल आणि रस्त्याच्या तुटलेल्या कडेला मोजपट्टी लावल्यावर ती जेमतेम चार बोटे भरत असेल, तर ‘जबाबदार कोण’ हे आपल्याला विचारावेच लागत नाही. सही खालीच असते. कलम २(ञ) नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. हा अधिकार फार थोडे लोक वापरतात याचे मला नेहमी नवल वाटते. नस्तीच्या पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय केली आहे. त्याचा दाखला देऊन विचारणा करावी.

पहिल्या अर्जावर अपील करण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे. मूळ मागणीच कमकुवत असल्याने अपिलात वेळ जाईल. नवा अर्ज करणे शहाणपणाचे. नव्या अर्जावर टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत वीस रुपयांचे मुद्रांक लावून प्रथम अपील करावे आणि तेथेही निराशा झाली तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करावे. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती करण्याचा अधिकार आयोगालाच आहे.

आता फोनविषयी. आपले नाव ठेकेदारापर्यंत कसे पोहोचले हा खरा चिंतेचा मुद्दा आहे. कलम ११ खाली त्रयस्थ पक्षाला नोटीस देता येते, पण ती त्याने दिलेली आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती उघड करायची असेल तेव्हा. सार्वजनिक पैशातून झालेल्या रस्त्याचे देयक ही ठेकेदाराची खासगी बाब नव्हे, आणि अर्जदाराचा फोन नंबर तर त्या नोटिशीचा विषयच नाही. अर्जदाराचा पत्ता व फोन नंबर केंद्राच्या एका मंत्रालयाने संकेतस्थळावर टाकल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्या मंत्रालयाला २५,००० रुपये देण्याचा आदेश दिला होता. कलम ६(२) नुसार संपर्कासाठी लागणाऱ्या तपशिलाखेरीज अर्जदाराकडून वैयक्तिक माहिती मागता येत नाही आणि अर्जाचे कारणही विचारता येत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तर पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक देण्याची मुभा दिली. खेड्यात टपाल पेटी घेणे थोडे विनोदी वाटेल हे मान्य, पण हाच अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात राहणारा आपला भाचाही करू शकतो, कारण माहिती मागणारा त्याच गावचा असावा अशी अट कोठेही नाही.

धमकीचा फोन आला त्या दिवसाची तारीख, वेळ, नंबर आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धाकदपटशाचा गुन्हा आहे. पोलिसांनी ‘अदखलपात्र’ म्हणून नोंद केली तरी तिचा क्रमांक घ्यावा आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवावी. पुढे काही घडलेच, तर आधी तक्रार होती हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या एका सार्वजनिक उपक्रमात नोकरी करतो. यंत्रखरेदीच्या निविदांच्या अटी एकाच पुरवठादाराला डोळ्यांसमोर ठेवून बेतल्या जातात, याचे कागद माझ्या टेबलावरून जातात. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला असे वाचले होते. त्या आधारे नावानिशी तक्रार केली तर मला संरक्षण मिळेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: त्या कायद्याच्या भरवशावर आपण एक पाऊलही टाकू नये. कायदा झाला हे खरे; राष्ट्रपतींची संमती मे २०१४ मध्ये मिळाली हेही खरे. पण लग्न ठरले आणि मुहूर्तच काढला नाही, अशी त्याची गत झाली आहे. तो अमलात येण्याची तारीख केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करायची होती, ती आजतागायत जाहीर झालेली नाही. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. माहिती अधिकारातील कलम ८(१) मध्ये ज्या प्रकारची माहिती नाकारता येते, त्याच धर्तीच्या दहा प्रकारच्या माहितीबाबत तक्रारच करता येऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे नागरिकाला जे मागता येत नाही ते कर्मचाऱ्याला सांगताही येऊ नये. जागल्याचा कायदा नेमका त्या बंद दारामागच्या गोष्टींसाठी असतो, याचा विसर पडलेली ही दुरुस्ती होती. लोकसभेने ती संमत केली, राज्यसभेत ती रखडली आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाली. मूळ कायदा मात्र तसाच पडून राहिला.

वाईट याचे वाटते की त्या कायद्यात कामाच्या गोष्टी होत्या. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होता. तक्रारीनंतर त्याच्यावर झालेली कारवाई सूडाची नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली होती. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती.

मग आज हाती काय आहे? भारत सरकारचा २१ एप्रिल २००४ चा जनहितार्थ प्रकटीकरणाचा एक ठराव आहे. त्यामागची हकिकत ठाऊक असेल तर त्याचे बारकावे समजतात. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग प्रकल्पाच्या झारखंडमधील टप्प्यातील निकृष्ट काम आणि पैशांची अफरातफर त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवली आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी स्पष्ट विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे गोळी घालून त्यांची हत्या झाली. देशभर संताप उसळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि कायदा होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून सरकारने हा ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम दिले. ती तात्पुरती सोय दोन दशके उलटली तरी चालू आहे.

दुबे यांच्या बाबतीत लिफाफा आणि नाव यांची फारकत झाली नाही. ठरावाखालची सगळी पद्धत ती फारकत करण्यासाठीच आखलेली आहे. तक्रार बंद, चिकटवलेल्या लिफाफ्यातून सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, नवी दिल्ली यांच्या नावे टपालाने पाठवावी. लिफाफ्यावर ती जनहितार्थ प्रकटीकरणाच्या ठरावाखालील तक्रार असल्याचे ठळक लिहावे, अन्यथा ती साध्या तक्रारीसारखी उघडली जाईल. लिफाफ्यावर आपले नाव-पत्ता लिहू नये. तो आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहावा, म्हणजे आयोगाला तेवढा भाग वेगळा काढून उरलेला मजकूर चौकशीला पाठवता येतो. निनावी किंवा टोपणनावाने केलेली तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही. ईमेलने किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून केलेल्या तक्रारीला हे कवच मिळत नाही. आयोग पोच देत नाही आणि आपणही स्वतःहून पुढे पत्रव्यवहार करू नये, खुलासा हवा असल्यास आयोगच संपर्क साधतो; त्याचे मौन हा दुर्लक्षाचा पुरावा समजू नये.

दोन चुका हमखास होतात. पहिली आपल्या कार्यालयीन सवयीतून येते. पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ लिहून चार जणांना प्रती पाठवल्याशिवाय आपल्या हाताला चैन पडत नाही. ती एक ओळ लिहिली की गुप्तता संपली. आधीच चव्हाट्यावर गेलेल्या तक्रारीचे नाव आयोग कसे झाकणार? दुसरी चूक मजकुरातली. नाव वेगळे काढले तरी ‘मंगळवारच्या बैठकीत आम्ही तिघेच होतो तेव्हा’ असे वाक्य आत असेल, तर उरलेल्या दोघांना तिसरा कोण ते शोधायला श्रम पडत नाहीत. निविदेचा क्रमांक, तारीख, बदललेली अट, त्या अटीत बसणारा एकमेव पुरवठादार अशा, कोणालाही नस्तीतून पडताळता येतील अशाच गोष्टी लिहाव्यात.

या ठरावाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो प्रशासकीय निर्णय आहे, अधिनियम नव्हे. छळ झाल्यास आयोगाकडे दाद मागता येते आणि आयोग योग्य ते निर्देश देऊ शकतो, परंतु नाव फोडणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याची ताकद या ठरावात नाही. तरीही, आपण केंद्रीय उपक्रमात आहात म्हणून आपल्याला निदान एवढे तरी दार आहे. पुढच्या पत्रलेखिकेला तेही नाही.

प्रश्न: मी राज्य शासनाच्या एका विभागात लिपिक आहे. खोट्या प्रवासभत्त्यांची आणि न झालेल्या खरेदीची देयके मंजूर होताना रोज पाहते. मलाही दिल्लीला लिफाफा पाठवता येईल का? काही कागदांच्या प्रती मी घरी आणून ठेवल्या आहेत. (एक वाचक भगिनी, मराठवाडा)

उत्तर: नाही. २००४ चा ठराव केंद्र सरकार, त्याचे उपक्रम व केंद्रशासित प्रदेशांपुरता आहे. राज्याचे कर्मचारी त्यात येत नाहीत. आपल्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे (निःशुल्क क्रमांक १०६४) किंवा लोकायुक्तांकडे जाता येते. १९७१ च्या लोकायुक्त कायद्यात चौकशी खासगीत करावी आणि तक्रारदाराचे नाव जनतेपुढे किंवा वृत्तपत्रांत जाऊ नये अशी तरतूद आहे. पण आपली अडचण वृत्तपत्रे ही नसून शेजारच्या टेबलावरचे साहेब ही आहे, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बाजू मांडण्यासाठी तिची प्रत द्यावी लागते. हे जाणूनच पाऊल टाकावे.

घरी आणलेल्या प्रतींची मला अधिक काळजी वाटते. वर्तणूक नियमांनुसार परवानगीवाचून शासकीय कागद बाहेर देणे हा शिस्तभंग ठरतो, आणि ज्याचा गैरव्यवहार उघडा पडला तोच आपल्यावर हा आरोप सर्वांत आधी ठेवतो. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदी प्रकरणी १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कागद अनधिकृतरीत्या मिळवले एवढ्याच कारणावरून ते विचारात घेऊ नयेत हा सरकारचा आक्षेप फेटाळला आणि माहिती अधिकाराच्या कलम ८(२) चा दाखला दिला. मात्र त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: न्यायालयाने कागद ग्राह्य धरला, तो आणणाऱ्या हाताला अभय दिले नाही.

यातून वाट आहे आणि ती वर साताऱ्याच्या पत्रलेखकाला सांगितलेलीच आहे. आपल्याला नस्तीचा क्रमांक, देयकाची तारीख, पुरवठादाराचे नाव ठाऊक आहे. एवढे नेमके तपशील घालून कोणताही नागरिक माहिती अधिकारात तोच कागद अधिकृतपणे, साक्षांकित करून मिळवू शकतो. त्या प्रतीवर ‘तुम्ही ती कोठून आणली’ असे कोणी विचारू शकत नाही. फक्त अर्जात इतकी नेमकेपणाची हौस करू नये की आतल्या माणसाचा वास यावा. एकाच देयकाऐवजी त्या वर्षातील त्या लेखाशीर्षाखालची (खर्चाच्या सदराखालची) सगळी देयके मागावीत.

बदलीची भीती आपण पत्रात दोनदा व्यक्त केली आहे. राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम या ठिकाणी उपयोगी पडतो. साधारण तीन वर्षांचा कालावधी पूर्ण होण्याआधी बदली करायची असल्यास विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. तसे झाले नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या बोलीत ‘मॅट’मध्ये, आदेशाला आव्हान देता येते. आपले खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. आणि बदलीच्या नस्तीतील ती लेखी कारणे माहिती अधिकारात मागायला विसरू नये.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव हिशेब दाखवत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज केला तर ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणतात. (एक सभासद, ठाणे)

उत्तर: सचिवांचे म्हणणे बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात, शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा खरेखुरे नियंत्रण नसलेली सहकारी संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, असा निर्णय दिला. पण त्याच निर्णयात, निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती त्याच्यामार्फत मिळू शकते, असेही म्हटले आहे. म्हणून अर्ज संस्थेकडे न करता उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावा. त्याहून सोपे म्हणजे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते, सभासदांचे रजिस्टर आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. साधे एक पानी पत्र या अधिनियमाचा उल्लेख करून दिल्यावर बऱ्याच सचिवांची कपाटाची किल्ली सापडते.

प्रश्न: घरकुल योजनेतील लाभार्थ्यांची यादी मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. पूर्वी अशी यादी मिळत असे. कायदा बदलला का? (एक ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: होय, आणि तो बदल माझ्या मते चांगला नाही. पूर्वी कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यात अकारण घुसखोरी होते, हे दाखवावे लागे. आणि व्यापक जनहित असेल तर ती देता येत असे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असे एक सुंदर परंतुक तेथे होते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सारे पुसून तेथे केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच ठेवले, आणि ते कलम नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. एखाद्या योजनेत खोटे लाभार्थी घुसवणाऱ्याला याहून सोयीचे वाक्य मिळणे कठीण.

तरी दार पूर्ण बंद झालेले नाही. कलम ८(२) जागेवर आहे: होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम ४(१)(ख) नुसार अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, दिलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील, तसेच अधिकारी व कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहे. अपिलात ही दोन्ही कलमे मांडावीत. बँक खाते, आधार व फोन क्रमांक झाकून उर्वरित यादी कलम १० नुसार द्यावी, अशी मागणी आपणच करावी. म्हणजे अधिकाऱ्याचे खरे कारण खासगीपणाचे आहे की दुसरे, ते उघड होईल.

प्रश्न: मी गेली काही वर्षे अमेरिकेत आहे. पुण्यातील महापालिकेकडे अर्ज करता येईल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: आपले भारतीय नागरिकत्व कायम असेल तर येईल, राज्य शासनाच्या ऑनलाइन सुविधेत महापालिका उपलब्ध असल्यास शुल्कही तेथेच भरता येते. आपण अमेरिकी नागरिकत्व घेतले असल्यास, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, कलम ३ आड येते, कारण हा अधिकार केवळ नागरिकांना आहे. पुण्यातील भाऊ-बहिणीने अर्ज करावा.

प्रश्न: माझे सासरे, आप्पा, एकाहत्तर वर्षांचे आहेत. नदीतील वाळूउपसा आणि गायरानावरील अतिक्रमण याविषयी ते सतत माहिती अधिकाराचे अर्ज करतात. गेल्या महिन्यात आमच्या मोटारसायकलची सीट कोणीतरी फाडली. ते म्हणतात, ‘मी थांबणार नाही.’ आम्ही त्यांना थांबवावे का? (एक सून, पुणे जिल्हा)

उत्तर: आपण पुणे जिल्ह्यातून लिहिता, म्हणून सतीश शेट्टी यांचे नाव आपल्या घरात निघत असणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमीन व्यवहारांची कागदपत्रे बाहेर काढणाऱ्या शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. त्यांनी आधी पोलीस संरक्षण मागितले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये गीर परिसरातील बेकायदा खाणकामाविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांना अहमदाबादमध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर गोळ्या घालण्यात आल्या. ‘काही होत नाही’ असे मी आपल्याला लिहू शकत नाही. थांबवावे की नाही हा निर्णय आप्पांचा आहे. त्यांना अधिक सुरक्षितपणे कसे चालता येईल एवढेच मी सांगतो.

अर्जदाराला गप्प केल्याने माहितीही गप्प होते, असे हल्लेखोराला वाटते म्हणून हल्ला होतो. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये याच विचाराने ठराव केला: अर्जदारावर हल्ला किंवा त्याची हत्या झाल्याची तक्रार आल्यास त्याचे प्रलंबित अर्ज तपासून, मागितलेली माहिती संबंधित खात्याने संकेतस्थळावर जाहीर करावी असा आदेश आयोग देईल. राज्य आयोगावर तो बंधनकारक नाही, पण आप्पांच्या द्वितीय अपिलांत त्याचा उल्लेख करून तशी विनंती करता येते. घरी त्याच तत्त्वाने वागावे. वाळूचा अर्ज आप्पांनी एकट्याने करण्याऐवजी तोच अर्ज चार गावांतील चौघांनी चार दिवशी करावा. मिळालेला कागद ट्रंकेत न ठेवता ग्रामसभेत वाचावा. कागद सर्वांकडे पोहोचला की एका माणसाचे तोंड बंद करून कोणाचा फायदा होत नाही.

सीट फाडल्याची तक्रार ठाण्यात दिली नसेल तर आजच द्यावी, आणि त्यात अर्जांचा विषय व तारखा लिहाव्यात. गुन्हा नोंदवला गेला आणि आप्पा त्यात साक्षीदार असतील, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते. मात्र ती योजना गंभीर गुन्ह्यांच्या साक्षीदारांसाठी आहे. केवळ अर्जदार म्हणून तिचा लाभ मिळत नाही, म्हणून पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाचा वेगळा लेखी अर्ज करून त्याची पोच जपावी.

शेवटी एक वही करावी. प्रत्येक अर्जाची तारीख, कार्यालय, विषय, आवक क्रमांक, उत्तराची मुदत आणि त्या काळात आलेले फोन किंवा घडलेले प्रकार असे रकाने आखावेत. आप्पांना लिहायचा कंटाळा असेल तर ते आपण लिहावे. दर महिन्याला तिची छायाप्रत काढून एक प्रत आपल्या माहेरी ठेवावी.